शेवया द्यायच्या की शेवयांचं यंत्र?
साथीच्या काळातल्या एका वेगळ्या देणगीचा इतिहास



करोनाच्या साथीत दानधर्म पुष्कळ झाला. कुणी धान्याचे किट वाटले, कुणी जेवणाची पाकिटं पोचवली, कुणी मास्क आणि सॅनिटायझर दिलं. त्या देणाऱ्यांना आपण विसरलेलो नाही. पण त्याच काळात जगात काही ठिकाणी एक वेगळी देणगी दिली गेली. देणाऱ्यांनी तयार वस्तू न देता ती बनवायचं यंत्रच दिलं, किंवा आपलं यंत्र दुसऱ्याच्या गरजेच्या कामाला लावलं. आज त्या देणगीचा इतिहास सांगायचा आहे. उद्या आपल्या गटाला कुणी यंत्र देऊ केलं, तर ते घेण्याआधी काय काय विचारावं, हे या इतिहासातून चांगलं कळतं.

आधी घरातलं उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात शेजारणीला ताटभर शेवया दिल्या, तर तिच्या घरी चार दिवस खीर होईल. तिला शेवयांचं यंत्र वापरायला दिलं, तर ती वर्षभराची बेगमी करील आणि आणखी चार घरांनाही करून देईल. पण नुसतं यंत्र देऊन शेवया होतात का? रवा लागतो, पीठ किती घट्ट मळायचं ते माहीत असावं लागतं, वाळवायला ऊन लागतं, फिरवायला हात लागतात. यंत्राची चकती झिजली तर नवी कुठे मिळते, हेही ठाऊक असावं लागतं. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच गोष्टीभोवती फिरतो.

रेडिओवरचं आवाहन आणि लाकडी पेटी

ही गोष्ट १९३८ सालची आहे. तेव्हा पोलिओची लस नव्हती. आज आपण बाळाला दोन थेंब पाजतो आणि निर्धास्त होतो. त्या काळी पोलिओची साथ आली की मुलांचे पाय लुळे पडायचे, आणि काहींच्या तर श्वासाचे स्नायूच निकामी व्हायचे. असं मूल वाचवायला एकच उपाय होता, श्वासाची पेटी. रोग्याला मोठ्या हवाबंद पेटीत झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर. लोहाराच्या भात्यासारख्या भात्याने पेटीतली हवा ओढून घेतली की छाती फुगायची आणि श्वास आत यायचा. हवा परत सोडली की श्वास बाहेर जायचा. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९२८ मध्ये अशी लोखंडी पेटी पहिल्यांदा रोग्यासाठी वापरली गेली. पण ती फार महाग होती आणि जड होती. दूरदेशी मागवायची म्हटली तर ती येईपर्यंत मूल हातचं जायचं.

ऑस्ट्रेलियात १९३७ मध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा ॲडलेड शहरातल्या एडवर्ड बोथ नावाच्या कारागीर-संशोधकाने हीच पेटी प्लायवूडची बनवली. ती स्वस्त होती, हलकी होती, आणि साध्या सुतारकामाच्या कारखान्यातही बनण्यासारखी होती. पुढच्या वर्षी बोथ इंग्लंडमध्ये होते. तिथे त्यांनी रेडिओवर एक आवाहन ऐकलं: एका पोलिओच्या रोग्यासाठी श्वासाची पेटी तातडीने हवी आहे. ते स्वस्थ बसले नाहीत. एक जागा भाड्याने घेतली आणि तिथेच पेट्या बनवायला लागले.

या पेटीची माहिती लॉर्ड नफील्ड यांच्यापर्यंत गेली. हे गृहस्थ म्हणजे विल्यम मॉरिस. ऑक्सफर्डमध्ये सायकलींच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून मोटारींचे मोठे कारखानदार झालेले. त्यांनी काउली इथल्या आपल्या मोटारींच्या कारखान्यात या पेट्या बनवायला घेतल्या आणि ब्रिटिश साम्राज्यातलं जे रुग्णालय मागेल त्याला फुकट द्यायचं ठरवलं. अशा सुमारे १,७०० पेट्या वाटल्या गेल्या.

केवढं मोठं काम! तरीही त्याच वेळी काही डॉक्टरांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं: पेटी दिलीत, पण ती चालवायला शिकलेली माणसं लहान रुग्णालयात कुठे आहेत? रोग्याला आत कसं ठेवायचं, भाता किती वेगाने चालवायचा, वीज गेली तर काय करायचं, हे कुणी शिकवायचं? नफील्ड यांची देणगी खोटी नव्हती आणि डॉक्टरांची हरकतही खोटी नव्हती. यंत्र आणि शिकवण दोन्ही एकत्र पोचली पाहिजेत, हा या गोष्टीचा पहिला धडा.

मार्च २०२०: बाजारात वस्तूच नाही

आता ऐंशी वर्षं पुढे येऊ. करोनाच्या सुरुवातीला सगळ्या जगाला एकदम मास्क हवे होते, फेस शील्ड म्हणजे चेहऱ्यापुढचे पारदर्शक पडदे हवे होते, व्हेंटिलेटरचे भाग हवे होते. साथीआधी जगातले जवळपास निम्मे मास्क एकट्या चीनमध्ये तयार होत होते. साथ सुरू झाली तीच तिथे. मग एकेका देशाने आपला माल बाहेर जाऊ द्यायचं थांबवलं. आपल्या देशानेही थांबवलं. खिशात पैसे होते, पण बाजारात वस्तू नव्हती. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याचं जे होतं, ते भल्या भल्या श्रीमंत देशांचं झालं.

इटलीच्या उत्तरेला ब्रेशा शहराजवळ कियारी नावाचं गाव आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्या रुग्णालयात श्वासाचे रोगी भरलेले होते आणि ऑक्सिजनच्या मास्कला लागणारी एक छोटी झडप संपली होती. बनवणाऱ्या कंपनीला एवढ्या झडपा लगेच देता येत नव्हत्या. ही अडचण ब्रेशाच्या वर्तमानपत्राच्या एका महिला संपादकाला कळली. तिने बातमी छापून हात झटकले नाहीत. ओळखीपाळखीतून ‘थ्री-डी प्रिंटर’ असलेल्या माणसांचा शोध घेतला. त्यातून क्रिस्तियान फ्राकासी आणि आलेस्सांद्रो रोमाइओली हे दोन अभियंते पुढे आले. त्यांनी आपला प्रिंटर उचलून थेट रुग्णालयात नेला, जुनी झडप मोजली आणि काही तासांत नवी छापून दाखवली. ती चालते हे डॉक्टरांनी पाहिल्यावर जवळच्या दुसऱ्या एका कारखान्यानेही आपलं मोठं यंत्र या कामाला लावलं. दिवसभरात सुमारे शंभर झडपा तयार झाल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत.

थ्री-डी प्रिंटर म्हणजे काय, ते समजायला अवघड नाही. आपण साच्यातून कुरडई कशी पाडतो? पीठ बारीक धारेने खाली येतं आणि आपण साचा फिरवत एकावर एक वेढे देतो. या यंत्रात पिठाच्या जागी प्लॅस्टिकची तार असते. ती गरम होऊन मऊ होते, बारीक तोंडातून बाहेर येते, आणि संगणक सांगेल तसं ते तोंड फिरतं. थरावर थर बसत जातो आणि वस्तू उभी राहते. संगणकातला आराखडा बदलला की तेच यंत्र दुसरी वस्तू करतं. सकाळी झडप आणि दुपारी फेस शील्डची पट्टी, असं ते चालतं.

आराखडा सगळ्यांना खुला

त्याच महिन्यात चेक देशाच्या राजधानीत, प्रागमध्ये, आणखी एक काम झालं. योसेफ प्रुशा यांची कंपनी हेच प्रिंटर बनवते, आणि त्यांचे सुटे भाग छापायला तिथे पाचशेहून जास्त प्रिंटर एका जागी चालू असतात. त्यांनी ते फेस शील्डच्या कामाला लावले. तीन दिवसांत नमुन्यामागून नमुना बनवला, आरोग्य खात्याला दाखवला, सुधारला, पुन्हा दाखवला. पहिले १० हजार शील्ड त्यांनी आरोग्य खात्याला दान केले.

पण मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी शील्डचा आराखडा सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. ब्लाऊजचं चांगलं पेपर कटिंग एकीने करून ठेवलं, की गावातल्या दहा जणी त्यावर कापड बेतू शकतात. दरवेळी माप घेऊन पहिल्यापासून डोकं चालवावं लागत नाही. इथेही तसंच झालं. घरी एक प्रिंटर असलेला विद्यार्थी, शाळेची प्रयोगशाळा, छोटं वर्कशॉप, असे अनेक देशांतले लोक त्या आराखड्यावर कामाला लागले. आराखडा मिळाला नसता, तर त्यातली बरीच यंत्रं त्या दिवसांत नुसती उभी राहिली असती.

साठ यंत्रांची देणगी

यंत्रच दान देण्याचं ठळक उदाहरण पॅरिसचं आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयांसाठी ६० थ्री-डी प्रिंटर घेतले गेले. पैसे दिले केरिंग नावाच्या उद्योगसमूहाने. हा समूह महागडे कपडे आणि पर्स विकणारा. औषधांशी त्याचा संबंध नाही. यंत्रं बसवली ती कोशँ रुग्णालयाच्या आवारात, जिथे पूर्वी संन्यासिनींचा मठ होता त्या जागेत.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की त्या देणाऱ्याने “आम्ही दहा हजार शील्ड देतो” असं म्हटलं नाही. साठ यंत्रं रुग्णालयाच्या दारात उभी केली. कामाची सूत्रं रोमाँ खोनसारी या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे होती आणि यंत्रं चालवायला जाणकार अभियंते होते. डॉक्टर-नर्स आपल्याला काय हवं ते सांगायचे. आज शील्ड, उद्या नळीचा जोड, परवा झडप. वस्तू तयार झाली की ती आधी तपासली जायची, मग वॉर्डात जायची. यंत्र कुठे आहे आणि काय बनवायचं हे कोण ठरवतं, या दोन प्रश्नांची उत्तरं तिथे चोख होती.

आता आपल्याकडे येऊ

आपल्याकडेही हे काम झालं. मुंबईत ‘मेकर्स असायलम’ नावाची एक जागा होती. तिथे सुतारकामापासून संगणकावर चालणाऱ्या यंत्रांपर्यंत सगळी हत्यारं सामाईक असायची, आणि ज्याला काही बनवायचं असेल त्याने यावं आणि वापरावीत अशी पद्धत होती. टाळेबंदी लागली तेव्हा तिथल्या मंडळींनी फेस शील्डचा सोपा आराखडा केला आणि देशातल्या इतर कारागिरांना दिला. ४९ दिवसांत ४२ शहरं-गावं मिळून १० लाख शील्ड तयार झाले. सगळा माल मुंबईत बनवून ट्रकने पाठवायचा म्हटलं असतं, तर टाळेबंदीत ते कसं जमलं असतं? जिथे गरज होती, तिथल्याच जवळच्या यंत्रावर माल निघाला.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त शहराची नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करत शिकावं, ही त्यांची कल्पना. अमेरिकेतल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेने जगात ठिकठिकाणी ‘फॅब लॅब’ म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा अगदी पहिल्या काहींमध्ये, २००२ साली, एक आपल्या पाबळला आली. करोनाच्या अठरा वर्षं आधी! तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे आपल्याला आजीने सांगितलंय. यंत्रांचंही तसंच आहे. साथ आल्यावर यंत्र मागवा, मग शिका, मग माल काढा, एवढी सवड साथ देत नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा तर तुम्हीच आहात. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभरातल्या बचत गटांच्या बायका मास्क शिवायला बसल्या. आपल्या राज्यात ‘उमेद’ आणि ‘माविम’च्या गटांनी शिवले. सरकारी आकड्यांप्रमाणे ८ एप्रिल २०२० पर्यंत देशातल्या गटांच्या ६५ हजारांहून जास्त सदस्यांनी १ कोटी ३० लाखांवर मास्क तयार केले होते. टाळेबंदी लागून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. हे कसं जमलं? कारण शिलाई मशीन घरात आधीपासून होतं. कुणी ते शिवणक्लास केल्यावर घेतलेलं, कुणाला योजनेतून मिळालेलं, कुणी गटाच्या कर्जातून घेतलेलं. हात शिकलेले होते. कापड गावात होतं. आणि मास्क कसा शिवायचा, याची पुस्तिका केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्चअखेरीस काढली होती. यंत्र, हात, माल आणि आराखडा, चारही गोष्टी जागेवर होत्या. त्यांतली एक जरी नसती, तरी एवढे मास्क एवढ्या लवकर झाले नसते.

यंत्राच्या मर्यादा

आता दुसरी बाजूही सांगते, कारण देणगीचं कौतुक करताना ती झाकून चालणार नाही.

पहिली गोष्ट वेगाची. थ्री-डी प्रिंटरवर शील्डची एक पट्टी निघायला तास-दोन तास लागतात. कारखान्यात लोखंडी साच्यात गरम प्लॅस्टिक दाबून तशीच पट्टी मिनिटाच्या आत निघते. पण तो साचा तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे प्रिंटरचं खरं काम त्या मधल्या आठवड्यांतलं. कारखान्याचा माल येईपर्यंत खिंड लढवायची, मग बाजूला व्हायचं. बऱ्याच देशांत तसंच झालं. ज्यांना हे कळलं नाही, त्यांच्याकडे नंतर न लागणाऱ्या पट्ट्यांचे ढीग पडले.

दुसरी गोष्ट तपासणीची. थरांनी बनलेल्या प्लॅस्टिकमध्ये बारीक फटी राहतात. डोळ्यांना मास्क दिसतो, पण तो रोगजंतू अडवेलच असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा इशारा २०२० मध्येच दिला होता. म्हणून तिथल्या सरकारी संस्थांनी लोकांकडून आलेले आराखडे एका जागी गोळा केले, तपासले, आणि कुठला दवाखान्यात चालेल, कुठला नुसता गावात फिरताना चालेल, ते त्यावर लिहून ठेवलं. आपल्या कापडी मास्कचंही तेच होतं. तो तुमच्या-आमच्यासाठी होता. करोनाच्या वॉर्डातल्या नर्सताईंसाठी नव्हता. चांगल्या मनाने केलेली वस्तू चांगलीच असते, असं औषधपाण्याच्या बाबतीत धरून चालत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात शाळकरी मुलींचा एक यंत्रमानव बनवणारा संघ होता. २०२० मध्ये त्यांनी एमआयटीच्या खुल्या आराखड्यावरून स्वस्तातलं श्वासयंत्र तयार केलं. टाळेबंदीत सुटे भाग मिळेनात, तर जुन्या टोयोटा गाडीची मोटर आणि मोटरसायकलची चेन वापरली. हात होते, बुद्धी होती, आराखडा होता. नीट हत्यारं तेवढी नव्हती. पुढच्या वर्षी तिथे तालिबानचं राज्य आलं आणि त्यांतल्या बऱ्याच मुलींना देश सोडावा लागला. यंत्र देणं सोपं आहे. ते ज्या हातांनी चालायचं, त्या हातांना शिकू देणं, घराबाहेर पडू देणं, त्यांच्या कामाला मान देणं, हे त्याहून कितीतरी अवघड. आणि ते नसेल तर यंत्र असून नसून सारखंच.

यंत्र घेताना विचारायचे प्रश्न

मग आपल्या गटाने यातून काय घ्यायचं? कुणी पापडाचं यंत्र देईल, कुणी पॅड बनवायचं, कुणी शिलाईची जोडमशीनं. देणाऱ्याचे आभार मानू. पण फोटोला उभं राहण्याआधी काही प्रश्न विचारू.

यंत्र कुणाच्या नावावर? गटाच्या, ग्रामसंघाच्या की देणाऱ्याच्याच? कागद हवा. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

शिकवणार कोण, आणि किती जणींना? एकीलाच येत असेल आणि ती माहेरी गेली, तर यंत्र बंद. निदान तिघी-चौघींना यायला हवं.

कच्चा माल कुठून आणायचा, आणि काय भावाने? फक्त देणाऱ्याच्याच दुकानातून मिळत असेल, तर ते दान नव्हे, गिऱ्हाईक बांधून घेणं झालं.

बिघडलं तर दुरुस्ती तालुक्याला होते का? सुटे भाग मिळतात का? किती ठिकाणी चांगली यंत्रं एका पट्ट्यापायी धूळ खात पडली आहेत!

वस्तू तपासणार कोण? खाण्याची किंवा औषधपाण्याची वस्तू असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी.

आणि शेवटचा प्रश्न: कामाचा मोबदला किती? संकटात बायकांनी फुकट राबावं, असं लोकांना सहज वाटतं. सेवा आपण करूच, पण ती सेवा आहे की मजुरी, हे आधी ठरलेलं असावं आणि गटाच्या वहीत लिहिलेलं असावं.

आणखी एक काम आपण साथ नसताना करू शकतो. आपल्या गावात कुणाकडे कुठलं यंत्र आहे, याची यादी. शिलाई मशीन किती, त्यांतली चालू किती, वेल्डिंग कुठे होतं, शाळेत किंवा आयटीआयमध्ये काय यंत्रं आहेत, कुणाला काय चालवता येतं, प्रत्येकीचा फोन नंबर. एका वहीच्या चार पानांचं काम आहे. कियारीत महिला संपादकाने फोन फिरवून हीच यादी घाईघाईत जमवली होती. आपली आधीच तयार असली, तर पुढच्या संकटात, मग ती साथ असो, पूर असो की दुष्काळ, कुणाचं दार ठोठवायचं हे शोधत बसावं लागणार नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय घ्या. यादीची सुरुवात आपल्या गटातल्या मशिनींपासून करा.